बॉल सोडा, बाकाकडे बघा

७ मार्च २०१८, बुधवारची संध्याकाळ. तुम्ही बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलाच्या फाटकातून आत शिरताय. मागे मुंबई-बंगळुरू हायवेवर ऑफिस सुटल्याची गर्दी तुंबलीय, हिंजवडीहून निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या खोळंबल्यात. दुपारी ऊन चटके देत होतं, आता मात्र हाफ शर्टात निवांत बसावं अशी हवा आहे. गॅलरीत नारिंगी जर्सीच जर्सी. एफसी पुणे सिटी चौथ्या हंगामात पहिल्यांदाच इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) उपांत्य फेरीत पोचलाय आणि समोर बंगळुरू एफसी आहे.

जागा धरा. गॅलरी आणि गवत यांच्यामध्ये धावण्याचा ट्रॅक आहे. हे स्टेडियम १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभं राहिलं, फुटबॉलसाठी नव्हे. त्यामुळे खेळाडूंचे चेहरे इथून धड दिसत नाहीत. अंगाची भाषा मात्र दिसते, आणि आज तुम्हाला तेवढीच हवीय.

कारण आज तुम्ही गोल बघायला आलेला नाही. बॉलवर सगळ्या गॅलरीचे डोळे आहेत, तुमचे दोन कमी झाले तरी चालेल. तुम्ही पास चुकलेल्या पोराकडे बघा. बचावात तो आडवा पास देतो, पास तोकडा पडतो, निळ्या जर्सीतला कुणी मध्ये घुसतो. आता तो पोरगा काय करतो? त्याची मान बाकाकडे वळली, तर समजा त्याला आठवडाभर काय ऐकायला मिळालंय. मान न वळवता तो मागे पळत सुटला आणि शेजारचा हाफ त्याची जागा भरायला आधीच आत सरकला, तर त्या संघात कुणीतरी महिनोन्‌महिने हेच घोटून घेतलंय. आता राखीव खेळाडूंकडे बघा. आपल्याच जागेवर खेळणारा कुणी चुकला, की बाकावरचा उठून ओरडून त्याला सावरतो, की बाटलीचं बूच फिरवत बसतो? संघाची संस्कृती हा शब्द आपण सत्कार समारंभात फार सैल वापरतो. ती अशी दोन-चार सेकंदांत उघडी पडते. कोच कसा आहे हे कळायला त्याचं भाषण ऐकायची गरज लागत नाही.

समोरच्या बाकाकडेही नीट बघा. बंगळुरूचा क्लब २०१३ साली जन्मला. ॲशली वेस्टवूड हा इंग्लिश कोच आला, त्याने सराव, खाणंपिणं, विश्रांती यांची शिस्त लावली आणि पहिल्याच हंगामात आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली सर्वोच्च लीग, जिंकली. २०१६ला स्पेनचा आल्बर्ट रोका आला, त्याने खेळाची ढब बदलली, बॉल पायात ठेवायला शिकवलं, पण पाया उखडला नाही. त्याच वर्षी क्लब एएफसी कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. पाच वर्षांत दोन कोच, आणि कर्णधार पहिल्यापासून एकच, सुनील छेत्री. यंदा आयएसएलमध्ये आल्या आल्या साखळीत हा संघ ४० गुणांसह पहिला आहे. पुण्याच्या बाकावरचा रान्को पोपोविच हा चार हंगामांतला चौथा मुख्य कोच.

सामना ०-० सुटतो. गॅलरी टाळ्या वाजवते, आणि वाजवाव्यातच. चार दिवसांनी, ११ मार्चला, कांतिरवा स्टेडियमवर छेत्री तीन गोल मारतो, पुण्याकडून जोनातन लुक्का एक फ्री-किक जाळ्यात घालतो, आणि ३-१ने पुण्याचा हंगाम संपतो. छेत्री थोर आहेच. तरी मी म्हणेन की त्या रात्री पाच वर्षं मुरलेल्या संघाने पाच महिन्यांच्या संघाला हरवलं.

पाच महिने तरी मिळाले होते. त्याआधी काय होतं ते बघायला मागे चला.

१८ ऑक्टोबर २०१४. नवी मुंबईत नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, ऑक्टोबर हीटने शर्ट पाठीला चिकटलेला. आयएसएलला आठवडाही झालेला नाही. पुण्याचा संघ बघून डोळे विस्फारतात: फ्रान्सचा डेव्हिड त्रेझेगे, ज्याने २००० सालच्या युरो कपचा अंतिम सामना गोल्डन गोलने जिंकून दिला, ग्रीसचा कोस्तास कात्सुरानिस, जो २००४चा युरो जिंकलेल्या संघात होता, इटलीचा ब्रुनो चिरिल्लो. कोच इटलीचा फ्रँको कोलोम्बा, आणि क्लबचं नातं थेट फिओरेंतिनाशी. मालकांत हृतिक रोशन. आणि स्कोअर मुंबई सिटी ५, पुणे ०.

त्या अकरा जणांकडे बघा. नियमाने सहा परदेशी, पाच भारतीय. इटालियन, फ्रेंच, ग्रीक, हिंदी, इंग्रजी, शिवाय भारतीय पोरांच्या घरच्या निरनिराळ्या भाषा. दोन गोल खाल्ल्यावर बचावातले दोघं एकमेकांकडे हात पसरून काही सांगतायत आणि कुणाचंच कुणाला पोचत नाहीये. लीग १२ ऑक्टोबरला सुरू झाली, २० डिसेंबरला संपणार. दहा आठवडे. एवढ्या वेळात कोच काय करू शकतो? फळ्या लावू शकतो, कोण खेळणार ते ठरवू शकतो, हॉटेलवर रात्री किती वाजता दिवे बंद ते सांगू शकतो. कोलोम्बाने जमेल तेवढं केलं. आठच दिवसांनी याच संघाने गोव्याला २-०ने हरवलं, त्रेझेगेने गोलही मारला. पण दहा आठवड्यांत पोरांच्या अंगात सवय उतरत नाही. पुणे सहावा आला, कोलोम्बा घरी गेला.

पुढची दोन वर्षं भराभर बघून घेऊ. ५ ऑक्टोबर २०१५, पुन्हा बालेवाडी. आता बाकावर इंग्लंडचा डेव्हिड प्लॅट, १९९०च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध शेवटच्या मिनिटाला वळून मारलेल्या त्या व्हॉलीचा धनी. पहिलाच सामना, मुंबईवर ३-१, तुर्कस्तानच्या तुंजाय शानलीचे दोन गोल. सगळं शहर खूश. मग घसरण, आणि सातवा क्रमांक. २०१६, अन्तोनिओ हाबास. पहिली आयएसएल कोलकात्याला जिंकून दिलेला, कडक शिस्तीचा स्पॅनिश माणूस. आधीच्या हंगामातल्या बंदीमुळे पहिले काही सामने तो बाकावरच नाही. ज्याच्यासाठी पोस्टर छापले तो आइसलंडचा गुडयॉनसन हंगामाआधीच जखमी. पुन्हा सहावा. कडक कोचची खरी परीक्षा तो मैदानात नसताना होते, आणि हाबासला त्या परीक्षेची तयारी करून घ्यायला वेळच मिळाला नव्हता. तोही गेला.

इथे थांबून एक मोजणी करा. इटालियन पद्धत, इंग्लिश पद्धत, स्पॅनिश पद्धत. तीन वर्षं टिकलेला एखादा भारतीय पोरगा घ्या. पहिल्या वर्षी त्याला सांगितलं, बॅक असशील तर पुढे जाऊ नकोस. दुसऱ्या वर्षी सांगितलं, जा. तिसऱ्या वर्षी सांगितलं, मी सांगेन तेव्हा जा. वीस-एकवीस वर्षांच्या या मुलाच्या जागी तुम्ही उभे राहा. तुम्ही काय शिकाल? तुम्ही वाट बघायला शिकाल. नवा साहेब आला की आधी त्याचा कल बघायचा, मग पाय उचलायचा. सरकारी ऑफिसात बदलीवर आलेल्या साहेबाबरोबर लोक वागतात तसं.

म्हणून २०१७-१८चं मोल मोठं आहे. ३० डिसेंबर २०१७च्या शनिवारी पुन्हा बालेवाडीत या. थंडी पडलीय, लोक स्वेटर घालून आलेत. पोपोविच सर्बियाचा, पण कोच म्हणून घडला बराचसा जपानात: ओइता, माचिदा, टोकियो, ओसाका. तो आला आणि पुणे एकदम पुढे चालून खेळायला लागला. दिल्लीहून आणलेला मार्सेलिन्यो, आधीच्या हंगामातला सर्वाधिक गोल करणारा, आज तीन गोल मारतो. पुणे ५, नॉर्थईस्ट ०. पण तुम्ही दुसऱ्या दोघांकडे बघा. एक मलप्पुरमचा आशिक कुरुणियन, विशीतला, पुण्याच्याच अकादमीत वाढलेला, जो बॉल मिळाला की मान वर न करता सरळ बॅकच्या अंगावर धावतो. पहिला गोल त्याचा. दुसरा गोव्याचा आदिल खान, जो चांगला असूनही मधल्या काळात जवळजवळ विस्मरणात गेला होता. तो आज मधल्या फळीत सगळ्यांना हाताने जागा दाखवतोय, आणि शेवटचा गोल त्याचाच. पुढे हे दोघंही भारताकडून खेळले.

हे कशाने झालं? परदेशी खेळाडू अकरात सहावरून पाचवर आले होते, लीग नोव्हेंबर ते मार्च अशी लांबली होती, ही बाहेरची कारणं आहेतच. पण आशिकने बॉल गमावला तर पुढच्या खेपेला त्याने पुन्हा तसंच धावावं, ही मोकळीक कोचच देतो. ती तोंडी देऊन भागत नाही. पुढच्या शनिवारी त्याचं नाव अकरात पुन्हा लिहून द्यावी लागते. पोपोविचने ती दिली. दुसरी बाजूही सांगायला हवी. हा माणूस तापट. पंचांच्या बाबतीत त्याच्यावर शिस्तभंगाची कारवाई झाली आणि काही सामने तो बाकावरही बसू शकला नाही. कोच पंचांवर चिडला की अकरा जणांना चिडायची मुभा मिळते. संघ कोचचं धाडस घेतो तेव्हा त्याचा राग वेगळा काढून ठेवत नाही, दोन्ही बरोबरच घेतो.

तर असा माणूस, पहिलीवहिली उपांत्य फेरी, आणि साखळीत चौथा क्रमांक. पुढच्या हंगामाच्या पहिल्या सामन्याला बाकावर बघा. पोपोविच नाही. मिगेल आन्हेल पोर्तुगाल आहे, कधीकाळी रेआल माद्रिदकडून खेळलेला. तीन सामने झाले, विजय नाही, आणि तोही गेला. तीन! सरावाच्या मैदानावर कुणाचं टोपणनाव काय हेही तीन सामन्यांत कळत नाही. प्रद्युम्न रेड्डींनी मधला काळ सांभाळला आणि डिसेंबर २०१८मध्ये फिल ब्राऊन आला.

हे नाव आलंच आहे तर एक लांबचा फेरा मारू. बंडी नाही, जाड कोट घाला. २६ डिसेंबर २००८, मँचेस्टर. नाताळचा दुसरा दिवस, इंग्लंडमध्ये या दिवशी सहकुटुंब फुटबॉल बघायची चाल आहे. हल सिटी हा छोट्या बंदर-शहराचा क्लब इतिहासात पहिल्यांदाच सर्वोच्च श्रेणीत चढलाय, सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याने आर्सेनल आणि टॉटनहॅमला त्यांच्याच घरी हरवलंय. आज मात्र मँचेस्टर सिटीपुढे हाफटाइमलाच ४-० मागे. खेळाडू बोगद्याकडे वळतात आणि त्यांना अडवलं जातं. हातवारे होतात. हलचे पाठीराखे बसलेत त्या टोकाच्या गोलपाशी सगळ्यांना नेलं जातं आणि ओल्या, गार गवतावर गोल करून बसवलं जातं. मध्ये ब्राऊन उभा, बोट नाचवत. हजारो लोक बघतायत, टीव्हीवर जग बघतंय.

तुम्ही त्या रिंगणात बसा. मांडीखालून थंडी वर चढतेय. शेजारी बसलेला तिशीतला बचावपटू जमिनीकडे बघतोय. ब्राऊनचं म्हणणं असं की एवढ्या लांबून, सण सोडून आलेल्या लोकांपुढे आपण जबाबदार आहोत. म्हणणं खोटं नाही. पण रिंगणातल्या माणसाला त्या क्षणी जबाबदारी जाणवते की लाज, याचा विचार त्याने केला असावा असं मला वाटत नाही. सामना ५-१ संपला. दुसऱ्या अर्धात हलने एकच गोल खाल्ला, एक मारला, त्यामुळे युक्ती लागू पडली असं म्हणणारे तेव्हाही होते. पण उरलेल्या सगळ्या हंगामात लीगमध्ये हलला एकच विजय मिळाला, आणि तो शेवटच्या दिवशी कसाबसा खाली पडण्यापासून वाचला. सगळा दोष त्या दहा मिनिटांचा होता, असं म्हणणं अन्याय होईल. छोटे क्लब दमतात. तरीही ज्या ड्रेसिंग रूमचं दार बंद असायला हवं होतं ते एकदा उघडलं गेलं, आणि ते खेळाडू विसरले नाहीत.

विसरले नाहीत याचा पुरावा त्याच मैदानावर मिळतो. २८ नोव्हेंबर २००९. हलचा जिमी बुलार्ड पेनल्टीवर बरोबरी साधतो, धावत जातो, सहकारी खाली गोल करून बसतात आणि बुलार्ड मध्ये उभा राहून ब्राऊनसारखं बोट नाचवतो. अख्खं स्टेडियम हसतं. ब्राऊननेही ते खिलाडूपणे घेतलं. कोचची नक्कल त्याच्या डोळ्यांदेखत करता येणं, ही मला त्या रिंगणापेक्षा जास्त निरोगी गोष्ट वाटते. आपली चूक पोरांच्या अंगावरून वाहून जाऊ देण्याइतका मोकळेपणा त्या माणसात होता. पुण्यात त्याने विस्कटलेला संघ हाती घेतला आणि हंगाम सातव्या क्रमांकावर आणून ठेवला. एवढ्यावर त्याला जोखू नये.

आता पुन्हा मागे, आणि या वेळी मुक्काम थोडा लांब. मे २०१३. पुण्यात तेव्हा आयएसएल नाही, चित्रपटतारे नाहीत. एक पुणे एफसी आहे, २००७ साली अशोक पिरामल समूहाने सुरू केलेला. टोपणनाव रेड लिझर्ड्स, आणि सरड्या-घोरपडीचं नाव ऐकलं की पुणेकराला सिंहगडाचा कडा आठवल्याशिवाय राहत नाही. २००९मध्ये हा संघ आय-लीगमध्ये चढला, आणि इंग्लंडच्या स्टुअर्ट हॉलच्या हाताखाली पहिल्याच हंगामात तिसरा आला. २०१०मध्ये डेरिक परेरा आले. अजून तेच आहेत.

परेरा गोव्याचे. स्वतः भारताकडून खेळलेले बचावपटू. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडला त्यांनी २००५-०६ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकून दिली होती. सकाळी लवकर मामुर्डीला जा, देहूरोडच्या अलीकडे. तिथे क्लबचं सरावाचं मैदान आहे, पलीकडून एक्स्प्रेस-वेचा आवाज सतत येतो. गवतावर दव आहे, बुटांची टोकं ओली होतात. गोल करून आठ जण, मध्ये दोघं, एका स्पर्शात बॉल फिरवायचा. ज्याचा पास चुकला तो मध्ये. कुठल्याही संघात सकाळ या खेळानेच सुरू होते, आणि संघ समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. परदेशी स्ट्रायकर चुकला तर तोही निमूट मध्ये जातो का? की हसून टाळतो आणि अकादमीतून आलेल्या पोराला ढकलतो? कोच हे बघून न बघितल्यासारखं करतो का? रोज सकाळी वीस मिनिटं जे खपवून घेतलं जातं तेच रविवारी सामन्यात उतरतं.

परेरांची ख्याती शांत माणूस अशी. टचलाइनवर थयथयाट करणारा कोच टीव्हीला आवडतो, त्यामुळे शांत कोच काहीच करत नाही असा एक गैरसमज आपल्याकडे घट्ट आहे. पण बचावपटूने शिकवलेल्या संघात शांतपणाचा उपयोग असतो. बचाव म्हणजे चार जणांनी एकमेकांवर ठेवलेला भरवसा, आणि घाबरलेली माणसं भरवसा ठेवत नाहीत, ती आपापली कातडी वाचवतात. अनस एडथोडिकाकडे बघा. केरळच्या कोंडोट्टीचा. मुंबई एफसीकडून २०११ला पुण्यात आला तेव्हा देशाच्या नकाशावर तो कुठेच नव्हता. पुण्यात चार हंगाम राहिला. एकाच ठिकाणी, एकाच प्रकारच्या मागणीखाली, शनिवारमागून शनिवार. २०१७मध्ये, तिशीत, तो भारताकडून पहिला सामना खेळला आणि त्या वर्षीच्या आयएसएल ड्राफ्टमध्ये १.१० कोटींच्या किमतीला त्याची निवड झाली. अनस दिसायला एका रात्रीत मोठा झाला, पण तो मामुर्डीच्या सकाळींत हळूहळू पिकत गेला होता.

त्या मे महिन्यात पुणे एफसी आय-लीगमध्ये दुसरा आला, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सच्या पाठोपाठ. दक्षिण सुदानच्या जेम्स मोगाने गोल केले, अनसने मागे भिंत धरली. पुण्याच्या कुठल्याही संघाने देशाच्या सर्वोच्च श्रेणीत मिळवलेला हा सगळ्यात वरचा क्रमांक. तो त्या कोचने मिळवला, ज्याला तीन हंगाम मिळाले. हा योगायोग मला वाटत नाही. त्याच काळात क्लबच्या अकादमीची पोरं देशपातळीवरची युवा लीग जिंकत होती. खालच्या पोराला वरच्या संघाची सवय माहीत होती, कारण वर दरवर्षी वेगळं वारं वाहत नव्हतं.

आणि तरीही बालेवाडीच्या गॅलरीत तेव्हा किती लोक असायचे ते बघा. मोजके. ओळखीचे चेहरे. याचं मला आजही वाईट वाटतं. शहराला चांगला संघ मिळाला होता आणि शहर त्याच्याकडे बघत नव्हतं.

२०१३ला परेरा गेले. नेदरलँड्सचे माइक स्नोई, मग मोरोक्कोचे करीम बेंचेरिफा आले, दोघंही कसलेले. २०१५ला क्लबच बंद झाला. अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली, म्हणून आशिक वाचला. डीएसके शिवाजियन्स हा पुण्याचा दुसरा क्लब आय-लीगमध्ये आला, पहिल्या हंगामात पुन्हा परेराच कोच. लिव्हरपूलशी करार करून त्यांनी चालवलेल्या अकादमीतून मिझोरमचा लालियानझुआला छांगटे बाहेर पडला, जो आज भारताचा विंगर आहे. २०१७ला तोही क्लब बंद. २०१९ला एफसी पुणे सिटी बंद. चार वर्षांत तीन क्लब. कोच आपल्या पद्धतीने संघ घडवतो हे खरं, पण घडवायला आधी संघ राहावा लागतो.

शेवटचा प्रवास. २० मार्च २०२२, रविवार. मडगावचं फातोर्डा स्टेडियम, कोविडनंतर प्रेक्षकांना पहिल्यांदाच पूर्ण मोकळीक, गॅलरी केरळच्या पिवळ्या रंगाने भरलेली. आयएसएलचा अंतिम सामना, केरळ ब्लास्टर्सविरुद्ध हैदराबाद एफसी. हा हैदराबाद म्हणजे पुण्याचीच जागा. २०१९ला पुण्याचा संघ बंद झाला तेव्हा त्याच्या जागी हा क्लब लीगमध्ये आला, बरेचसे खेळाडू आणि फिल ब्राऊन यांच्यासह. पहिल्या हंगामात सगळ्यात शेवटी, दहा गुण, आणि ब्राऊन हंगाम संपायच्या आत बाहेर.

मग मानोलो मार्केझ आला, बार्सिलोनाचा, फारसं नाव नसलेला. त्याने विशीतल्या भारतीय पोरांना बॅकला खेळवलं, विंगला खेळवलं, चुकू दिलं. २०२०-२१मध्ये प्ले-ऑफ थोडक्यात हुकला, पाचवा क्रमांक. पुण्यात पाचव्या क्रमांकानंतर काय झालं असतं ते तुम्ही आत्ताच बघून आलात. हैदराबादने त्याला ठेवलं.

आता मैदानाकडे बघा. उजव्या बॅकला आशिष राय आणि संघात निखिल पुजारी, दोघंही पुणे सिटीतून इकडे आलेले. अनिकेत जाधव, आपल्या कोल्हापूरचा, २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला. केरळ पुढे जातो, ८८व्या मिनिटाला साहिल तावोरा लांबून व्हॉली मारतो, १-१. हैदराबादचा बाक बघा आता, गोल झाल्यावर नव्हे, गोल खाल्ल्यानंतरच्या त्या वीस मिनिटांत: कुणी कुणाकडे हात पसरत नाहीये. पेनल्टींवर लक्ष्मीकांत कट्टीमणी एकामागून एक फटके अडवतो आणि हैदराबाद ३-१ने विजेता ठरतो.

मार्केझ २०२३पर्यंत तिथे राहिला आणि त्या शेवटच्या हंगामातही संघ साखळीत दुसरा आला. पुढे क्लबचे पैसे आटले, खेळाडू पांगले, ही गोष्टही लपवू नये. मालक कोसळला की कोणत्याही कोचची घडी मोडते.

पुण्याला २०१९पासून आयएसएलचा संघ नाही. कधीतरी येईल. एखाद्या पंचतारांकित हॉटेलात पत्रकार परिषद होईल, नवी जर्सी उलगडली जाईल, परदेशी कोचच्या गळ्यात पुणेरी उपरणं पडेल, डोक्यावर पगडी चढेल. तुम्ही तिथे असाल, तर जर्सीचा रंग विचारू नका, स्ट्रायकर कोण तेही विचारू नका. कोचचा करार किती वर्षांचा आहे आणि ओळीने पाच सामने हरल्यावर त्याचं काय करणार, एवढं उभं राहून विचारा. आणि उत्तर गुळमुळीत आलं, तर पुन्हा विचारा.